सिडकोच्या घराचं वायरिंग : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट २०२४

७ एप्रिल, रविवार

घर आई-अण्णांचं. नवीन नाशिक, सिडकोची जुनी योजना. मूळ दोन खोल्या आणि मोरी. पुढे मागच्या बाजूला स्वयंपाकघर काढलं, मग वर मजला चढला, मग वरच्या गॅलरीत बाथरूम झालं. इकडे घरं अशीच वाढतात. दर वेळी गवंड्याच्या मागोमाग वायरमन आला आणि जवळच्या बोर्डातून पुढे वायर ओढून गेला. त्यामुळे खाली लाकडी पट्टीवरचं अॅल्युमिनियमचं वायरिंग, स्वयंपाकघरात केसिंग-कॅपिंग, वर भिंतीतले पाइप. तीन काळातली कामं, आणि कशाचाही नकाशा नाही.

विषय निघाला तो आईच्या एका वाक्यावरून. "वरच्या नळाला जरा झिणझिण्या येतात, म्हणून मी चप्पल घालून अंघोळ करते." हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. गेल्या दिवाळीपासून चाललंय म्हणे.

गिझरचा प्लग काढला, सॉकेटवर चिकटपट्टी लावून वर "लावू नये" लिहिलं. अंघोळीचं पाणी गॅसवर. अण्णांचं म्हणणं, चाळीस वर्षं काही झालं नाही. मी वाद घातला नाही. अंबडला पॅनेलच्या कारखान्यात टेस्टिंगला असल्यामुळे मला एवढं माहीत आहे की वादापेक्षा मीटरचा काटा लवकर पटतो.

एक नियम पहिल्याच दिवशी ठरवला : मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. दुकानात गेलं की स्विच, डीबी (घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी), वायरची बंडलं सगळंच घ्यावंसं वाटतं, आणि खरा दोष तसाच भिंतीत राहतो.

१३ एप्रिल

मेन बोर्ड उघडला. मीटरनंतर दोन किटकॅट, म्हणजे हाताने उपसून काढायचे जुने फ्यूज. एकात फ्यूज वायरच्या जागी साध्या लवचिक वायरच्या तारा पिळून बसवलेल्या. म्हणजे फ्यूज नावालाच. वायर जळेल, भिंत तापेल, पण तो काही तुटणार नाही. दुसरा किटकॅट न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेत. ही जुनी पद्धत आणि वाईट पद्धत : न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरात अंधार होतो, माणूस समजतो वीज गेली, आणि प्रत्येक पॉइंटला फेज मात्र हजर असतो.

वरच्या गिझरचा १६ अँपिअरचा सॉकेट खोलला. पुढून पांढरा, जरासा पिवळट, एवढंच. मागे फेजच्या स्क्रूभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. वायरचं इन्सुलेशन बोटभर लांबीपर्यंत कडक. वाकवलं तर बिस्किटासारखं तुटलं. आतल्या तारांची तांब्याची चमक गेलेली, काळपट जांभळा रंग. स्क्रू पाव वळसा फिरला, म्हणजे सैल होता. दोन किलोवॅटचा गिझर, जवळजवळ ९ अँपिअर, रोज सकाळी, त्या सैल स्क्रूतून. जोड सैल झाला की तिथला रोध वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेने धातू फुगतो-आकसतो आणि स्क्रू आणखी सैल होतो. हे चक्र एमसीबीला (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) दिसत नाही, कारण करंट तर नेहमीएवढाच असतो. विजेची आग पुष्कळदा अशा ठिकाणी लागते, आणि आपण तिला सरसकट "शॉर्टसर्किट" म्हणून मोकळे होतो.

खालच्या दोन खोल्यांत अॅल्युमिनियमची वायर जिथे तांब्याच्या वायरला पिळून जोडली आहे, तिथे टेपखाली पांढरी-करडी भुकटी निघाली. अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडत नाहीत. खालचं सगळंच काढायचं, हे इथेच ठरलं.

१४ एप्रिल, रविवार

आजचा दिवस अर्थिंगचा.

सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात मल्टिमीटर लावला. फेज ते अर्थ २२८ व्होल्ट. कोणीही म्हणेल, अर्थिंग उत्तम आहे. मल्टिमीटरला मात्र इतका कमी करंट लागतो की कोळ्याच्या जाळ्याएवढा धागा असला तरी तो व्होल्टेज दाखवतो. म्हणून फेज आणि अर्थच्या मध्ये ६० वॅटचा साधा पिवळा दिवा लावून पाहिला. लागला नाही. तार लालसुद्धा झाली नाही.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. हा प्रयोग घरातली एकूण एक वस्तू प्लगमधून काढल्याशिवाय करायचा नाही, आणि सवय नसेल तर मुळीच करायचा नाही. अर्थ कुठेतरी तुटलेली असेल, तर दिव्यातून आलेला फेज अर्थच्या हिरव्या वायरीतून घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर जातो. फ्रीज, मशीन, कूलर, सगळ्यांवर.

मग हिरव्या वायरीचा माग काढला. बोर्डापासून मोरीपर्यंत, मोरीतून बाहेर, आणि तिथे ती नळाच्या लोखंडी पाइपला क्लिपने आवळलेली. पूर्वी सर्रास असं करायचे. जस्ताचा पाइप जमिनीतून मैलभर जायचा, अर्थिंग फुकटात. पण काही वर्षांपूर्वी गंजलेला पाइप काढून अण्णांनी प्लॅस्टिकचा टाकून घेतला. भिंतीजवळचा हातभर लोखंडी तुकडा राहिला, पुढे सगळं प्लॅस्टिक. प्लंबरने पाणी सुरू केलं आणि अर्थिंग बंद केलं, दोघांनाही न कळता. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक तीन पिनांचा प्लग खरं तर दोनच पिनांचा होता.

आईच्या झिणझिण्या याच रस्त्याने आल्या. गिझरच्या एलिमेंटला गळती, ती टाकीच्या बॉडीवर, बॉडीला अर्थ नाही, म्हणून वाट पाण्यातून आणि माणसातून.

अण्णा दिवा बघत उभे होते. म्हणाले, "म्हणजे प्लंबरला बोलवायचं की वायरमनला?" म्हटलं, वायरमनला. पण परवाना असलेल्याला.

२१ एप्रिल, रविवार

वायरमन भाऊ आले. परवाना असलेल्या ठेकेदाराकडचे. परवान्याचा आग्रह एवढ्याचसाठी की भार वाढवायला महावितरणकडे अर्ज करताना परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, आणि तो रिपोर्ट देणारा माणूस आपल्या कामाला सहीने बांधलेला असतो.

मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) मी कारखान्यातून रीतसर चिठ्ठी करून आणला. ५०० व्होल्टचा. फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी तपासायचे. आधी एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, राउटर सगळं सोडवून ठेवायचं, नाहीतर मेगर त्यांचा जीव घेतो. वरच्या मजल्याचं वायरिंग ५० मेगाओहमच्या वर, ठणठणीत. स्वयंपाकघर ०.३. निदान एक मेगाओहम तरी हवा. खालच्या खोल्यांत काटा शून्याच्या आसपास रेंगाळला. गिझरचा एलिमेंट ते टाकी, साध्या मीटरवर सात-साडेसात किलोओहम. २३० भागिले तेवढं, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या पुढेमागे. माणसाच्या छातीतून एवढा करंट गेला तर जीवाला धोका असतो. चपलेने वेळ मारून नेली, एवढंच म्हणायचं.

भाऊ म्हणाले, "ताई, वरचं वायरिंग कशाला काढता? डीबी बदला, जोड बदला." बरोबर होतं. वरचं वायरिंग ठेवलं. खालचं आणि स्वयंपाकघराचं नवीन.

२४ एप्रिल

कूलरसाठी वेगळी नोंद, कारण उन्हाळा चढलाय आणि नाशिक आता पूर्वीचं थंड नाशिक राहिलेलं नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, आणि त्याच्या वायरीला दोन पिनांचा प्लग. तिसरी वायर कापून टेप मारलेली, कारण "त्या बोर्डात तीन पिना बसत नव्हत्या". ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी माणूस. घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती विचारलं तर मी गिझरच्या आधी हिचं नाव घेईन.

पंपाची वायर बदलली, तीन पिनांचा प्लग लावला, अर्थची वायर पत्र्याला रंग खरवडून स्क्रूने आवळली. तोवर नियम : पाणी भरताना प्लग बाहेर. स्विच बंद नव्हे, प्लग बाहेर. घरातले स्विच एकाच तारेत असतात, आणि जुन्या बोर्डांत ती तार कित्येकदा न्यूट्रलची निघते.

२८ एप्रिल, रविवार

भाराचा हिशेब. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट. घरात गिझर, दीड टनाचा एसी, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, फ्रीज, अर्ध्या एचपीची मोटर. सगळं एकदम चालत नाही, पण जानेवारीच्या सकाळी गिझर, इस्त्री आणि मोटर एकत्र चालतात आणि भार एक किलोवॅटच्या कितीतरी वर जातो. भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करायचा, काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टसह.

खरेदी. महात्मा गांधी रोडला जुना दुकानदार अजून वायर "तीन बावीस", "सात बावीस", "सात वीस" अशीच मागवतो. तीन बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सव्वा चौरस मिलिमीटरच्या आतबाहेर. सात बावीस पावणेतीनच्या जवळ. सात वीस साडेचारच्या थोडी वर. आता मापं दीड, अडीच, चार. दिव्या-पंख्यांना दीड, सॉकेटना अडीच, गिझर आणि एसीला चार, मीटर ते डीबी दहा. सगळी तांब्याची. बंडल नव्वद मीटरचं. वायरीवर दर मीटरला छापलेला आयएस ६९४ आणि आयएसआयचा परवाना क्रमांक आहे का हे बघूनच पैसे दिले. "तशीच आहे, फक्त छापलेलं नाही" असं म्हणून दाखवलेलं बंडल हातात हलकं लागलं. तांबं कमी घातलं की वायर हलकीच लागणार.

स्विचच्या रंगावर घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी आरसीसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, झाली असती तर बरं.

५ मे, रविवार

डीबीची रचना कागदावर. पुढे ४० अँपिअरची डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी. तिच्या मागे दोन आरसीसीबी, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर. एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. त्यांच्या मागे वेगवेगळ्या एमसीबी : दिवे १०, सॉकेट १६, गिझर आणि एसी २०.

अण्णांनी विचारलं, एवढे डबे कशाला? एमसीबी वायरीला वाचवते. अडीचच्या वायरीवर ३२ ची एमसीबी लावली तर ओव्हरलोडला ती वेळेवर पडणार नाही, आणि वायर शिजेल. "एमसीबी सारखी पडते, मोठी टाका" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आरसीसीबी माणसाला वाचवते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला की नाही एवढंच ती बघते. कमी परत आला म्हणजे उरलेला कुठेतरी जमिनीत चालला, कदाचित माणसातून. पण तिला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून पुढची एमसीबी. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर तीही काही करू शकत नाही. तिच्या दृष्टीने तो एक दिवाच.

दोन घेतल्या, कारण गळती थोडी थोडी सगळीकडे असते. संगणक, एलईडी, वॉशिंग मशीनचे फिल्टर अर्धा-एक मिलिअँपिअर अर्थला देतात. ३० ची आरसीसीबी १५ पर्यंत पडायची नसते आणि ३० ला पडलीच पाहिजे. मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकते. सगळं घर एकीवर टाकलं तर अशा बेरजेनेच ती अधूनमधून पडेल, लोक वैतागतील आणि एखाद्या रात्री कोणीतरी तिला बायपास करून टाकेल. काढून टाकलेल्या आरसीसीबी मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. डब्यात जागा रिकामी आणि दोन वायरी थेट जोडलेल्या.

१० मे, अक्षय्य तृतीया

आमरस-पुरणपोळी. काम बंद.

१२ मे, रविवार

अर्थिंगचा खड्डा. मीटरजवळ, पुढच्या अंगणात. वरची हातभर माती, खाली मुरूम, आणि साधारण सहा फुटांवर पहार टणकन वाजली. काळा पाषाण. पुस्तकातला पाइप अडीच मीटरचा असतो. इथे तेवढं खाली जाता येत नाही. नाशिकच्या बऱ्याच भागांत हीच रड आहे.

म्हणून एक खोल खड्ड्याऐवजी दोन उथळ, एकमेकांपासून दोन मीटरवर, तांब्याचा मुलामा असलेल्या सळया, भोवती बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती), आणि दोघांना जोडणारी जस्ताची पट्टी, २५ बाय ४ मिलिमीटर, जमिनीखाली. मीठ-कोळसा घातला नाही. मिठाने सुरुवातीला आकडा छान येतो, मग तेच मीठ लोखंड खातं.

मोजायला अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या दहा आणि वीस मीटरवर रोवायच्या. आमची गल्ली काँक्रीटची. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खुंट्या ठोकल्या, आणि बघता बघता पोरांची गर्दी. बोअर मारताय का, असं दोघांनी विचारलं. एका खड्ड्याचा आकडा १४ ओहम, दोन्ही जोडून ७.६.

मे महिन्यात मोजलं ते मुद्दाम. जमीन कोरडी असताना अर्थिंगचा रोध सगळ्यात जास्त असतो. पावसाळ्यात मोजलेला आकडा गोड असतो पण खोटा. पाच ओहमच्या आत आला असता तर आवडलं असतं. पण हिशेब असा : ७.६ ओहमवर पूर्ण फेज अर्थला लागला तरी करंट जेमतेम ३० अँपिअर, म्हणजे २० ची एमसीबी पडायला बराच वेळ घेईल आणि तोवर बॉडीवर फेज. नुसत्या अर्थिंगने घर सुरक्षित होत नाही ते यामुळे. आरसीसीबी असेल तर ३० मिलिअँपिअरलाच तोडते, तेवढ्याने ७.६ ओहमवर पाव व्होल्टसुद्धा उभा राहत नाही. दोन्ही मिळूनच काम होतं.

१९ मे, रविवार

खालच्या मजल्याचं वायरिंग उतरवलं. लाकडी पट्ट्यांच्या मागे वाळवीची घरं.

काम सुरू करताना मेन बंद. त्याच्यावर पाटी. मग टेस्ट लॅम्प आधी शेजारच्या चालू पॉइंटला लावून लागतो का बघायचा, मग आपल्या बंद पॉइंटला, मग पुन्हा चालू पॉइंटला. मधल्या काळात दिवाच उडाला असेल तर "वीज नाही" हा निष्कर्ष खोटा ठरतो. टेस्टरच्या निऑनवर भरवसा नाही. उन्हात तो लागलेला दिसतही नाही.

आणि इन्व्हर्टर! मेन बंद केला की इन्व्हर्टर खूश होऊन दिव्यांची लाइन चालू करतो. भाऊंनी आल्या आल्या तो बंद करून बॅटरीची एक वायर सोडली, हे पाहून माणूस जाणता आहे याची खात्री पटली. बॅटरी देवघराच्या कोनाड्याखाली होती. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर निरांजन. ती जिन्याखाली, झरोक्याजवळ हलवली. आईला हे पटवायला मेगर लागला नाही.

२० मे, सोमवार

नाशिकचं मतदान. भाऊ गावाकडे मतदानाला. खाली वीज नाही, वरच्या खोलीत सगळे.

२६ मे, रविवार

डीबी बसली. आत रंग पाळले : फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. दोन आरसीसीबींच्या दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या. वरचं न्यूट्रल वरच्या पट्टीवर, खालचं खालच्या, सरमिसळ नाही. निदान तसं समजून काम झालं.

चालू केलं. टेस्टचं बटण दाबलं, दोन्ही पडल्या. छान. संध्याकाळी आई जिन्याचा दिवा लावते तर खाट्, दोन्ही आरसीसीबी एकदम पडल्या. पुन्हा चढवल्या, पंखे, टीव्ही, फ्रीज सगळं चालतं. जिन्याचा दिवा लावला, खाट्.

२७ मे

रात्री कामावरून आल्यावर जिन्याच्या मागे लागले. दिवा बदलून पाहिला, तेच. होल्डर सोडवून मेगर केला, वायर चांगली. गळती नाही आणि तरी पडते, आणि दोन्ही एकदम पडतात, यातच उत्तर होतं. जिन्याला टू-वे स्विच : एक खाली, एक वर. पूर्वीच्या माणसाने फेज खालच्या बोर्डातून घेतला आणि दिवा वरच्या बाजूला असल्याने न्यूट्रल वरच्या बोर्डातून. तेव्हा एकच मेन होता, त्यामुळे दिवा बिनतक्रार लागत होता. आता करंट खालच्या आरसीसीबीतून जातो आणि वरच्या आरसीसीबीतून परत येतो. खालचीला वाटतं गेलेला परत आला नाही, वरचीला वाटतं न गेलेला परत आला. दोघींचं बरोबरच आहे.

पण दिवा ९ वॅटचा, म्हणजे ४० मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणूनच तो पडण्याइतपत मोठा. अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा असता तर हा घोळ गुपचूप राहिला असता.

न्यूट्रल खालूनच नवीन ओढलं. शांत.

अशा वेळी "आरसीसीबी खराब आहे" म्हणून ती काढून टाकायचा सल्ला दोघांनी दिला. एकाने फोनवर, एकाने गेटवर उभं राहून.

२ जून, रविवार

नवीन गिझर. जुना भंगारात दिला. एलिमेंट बदलून चालला असता, पण टाकीची शिवणही गंजलेली. नवीन वायर चारची, मध्ये जोड नाही, बाथरूमच्या बाहेर २० अँपिअरचा डबल पोल स्विच. आईने अनवाणी नळाला हात लावला, मग दुसऱ्यांदा लावला. काही बोलली नाही, पाणी किती गरम ठेवायचं ते विचारलं.

९ जून, रविवार

वळवाने काल संध्याकाळी झोडपलं. विजांचा कडकडाट. डीबीत सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तारेतून येणारा विजेचा अचानक लोंढा जमिनीत उतरवणारा डबा, बसवलेला आहे. त्याची खिडकी हिरवी आहे का ते सकाळी बघितलं. हिरवी आहे. लाल झाली की बदलायचा. अर्थिंग नसेल तर तो नुसता शोभेचा डबा.

१६ जून, रविवार

पावसाआधीची बाहेरची फेरी. गॅलरीत कपडे वाळत घालायची जस्ताची तार; एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं त्या लोखंडी खांबाला जिथून सर्व्हिस वायर घरात येते. वायरीचं आवरण खांबावर घासून घासून एका जागी चपटं झालेलं. अजून उघडं पडलेलं नाही, पण दोन पावसाळे आणि त्याची हमी नाही. पावसाळ्यात ओले कपडे वाळत घालताना शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्या अशाच जागेच्या असतात. तार काढली, नायलॉनची दोरी बांधली, खांबापासून लांब. सर्व्हिस वायर मीटरच्या अलीकडची, तिला आपण हात लावायचा नाही. महावितरणला १९१२ वर तक्रार नोंदवली. वायर बदलून मिळाली आणि खांबावर चिनी मातीची चिमणीही (इन्सुलेटर) आली.

गॅलरीतल्या सॉकेटला झाकणाचा डबा. डब्याच्या तळाला बारीक भोक पाडायला सांगितलं, कारण पाणी शिरतंच. शिरलेलं बाहेर जायला वाट हवी.

२३ जून, रविवार

टेस्ट रिपोर्टवर सही झाली, भारवाढीचा अर्ज केला. बाकी काही नाही.

१४ जुलै, रविवार

संततधार. अर्थिंग पुन्हा मोजलं : ३.९. भाऊ म्हणाले, हाच लिहू का? नको. डीबीच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यात "७.६, मे" असंच लिहिलं. तोच तक्ता कोणती एमसीबी कुठली ते सांगतो, मराठीत, मोठ्या अक्षरात, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा. आईने एकादशी धरली आहे. तिच्या हिशेबाने महिन्यातून दोनदा होतं, चालेल.

४ ऑगस्ट, रविवार

मामाचा फोन. त्यांचं घर सराफ बाजाराच्या अंगाला, गोदावरी फुगली की तळमजल्याची काळजी सुरू. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावर त्यांचा सगळा अंदाज. विचारत होते, पाणी शिरायच्या आधी काय करायचं.

सांगितलं ते असं. पाणी दारात यायच्या आधी, पाय कोरडे असताना, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. पाणी आत आल्यावर मेनकडे जायचंच नाही. तेव्हा वीज महावितरणनेच बाहेरून तोडायची. पाणी ओसरल्यावर "वाळलं वाटतं" म्हणून चढवायचं नाही. भिजलेली एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे. आत गाळ बसतो. भिंतीतल्या पाइपांत पाणी आठवडाभर राहतं, म्हणून मेगर केल्याशिवाय नाही. आणि सवड मिळाली की तळमजल्याचे सॉकेट कमरेच्या वर घ्या, डीबी वरच्या मजल्यावर न्या.

मामा म्हणाले, मीटरच खाली आहे ना. तो वर घेण्यासाठी अर्ज करावा लागेल. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बघते. सोबत अर्थ टेस्टर नको, मेगर पुरे. पावसात अर्थिंग मोजून काय कळणार, त्यांचं मेमध्ये.